'बाळ-बाळंतीण सुखरूप' हे मोजायचं कसं?

प्रसूतिगृहातून घरी जाणारा फोन छोटा असतो: मुलगा की मुलगी, वजन किती, आणि दोघंही सुखरूप. महिन्याच्या अहवालात तेच जरा मोठ्या तक्त्यात जातं. नोंदणी किती, प्रसूती किती, सिझर किती, रेफर किती, मृत्यू किती. हे आकडे लागतातच. पण बाराव्या दिवशी टाक्यांत पू झालेली बाई त्या तक्त्यात दिसत नाही. रात्र रात्र रडणारी दिसत नाही. लेबर रूममध्ये मांडीवर चापट बसली म्हणून पुढच्या खेपेला दवाखान्याचं नाव काढू न देणारी तर मुळीच दिसत नाही.

पुढची पद्धत सोलापूर शहर-जिल्ह्यातल्या छोट्या प्रसूतिगृहांच्या इन्चार्ज सिस्टरसाठी, पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) एलएचव्ही बाईंसाठी, म्हणजे उपकेंद्रांच्या सिस्टरवर देखरेख करणाऱ्या आरोग्य सहायिकांसाठी, आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. संगणक असला तर उत्तम, नसला तर एक मोठी आडवी वही, पट्टी आणि आलेखाचा कागद पुरतो. एकच गोष्ट पक्की धरली आहे: हिशेब बाईचा ठेवायचा, इमारतीचा नाही. ती कुठेही बाळंत होवो, सव्वा महिना उलटल्यावर ती कशी आहे हे आपल्याला सांगता आलं पाहिजे.

एका बाईला एक ओळ

रजिस्टरं आधीच ढीगभर आहेत: गरोदर मातांचं, प्रसूतीचं, रेफरचं, लसीकरणाचं, शिवाय पोर्टलची नोंद. प्रत्येक ठिकाणी तीच बाई नव्या क्रमांकाने उगवते आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ लागत नाही. म्हणून ही वही वेगळी ठेवायची. एका बाईला एक आडवी ओळ, नोंदणीच्या दिवशी सुरू होणारी आणि बाळंतपणानंतर ४२ दिवस झाल्यावरच बंद होणारी.

४२ दिवसांना कारण आहे. गरोदरपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी किंवा त्यावरच्या उपचारांशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू तो मातामृत्यू, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताईंच्या घरभेटीही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. घरोघरी पाळला जाणारा सव्वा महिना जवळपास तिथेच संपतो. बाई घराबाहेर पडायला मोकळी होते, बाळाच्या लसीसाठी येते, आणि भेटते.

आपल्या भागात या ओळीची खरी परीक्षा माहेर घेतं. पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटीभरण करून माहेरी जाते. नोंदणी मोहोळला, सोनोग्राफी शहरात, बाळंतपण अक्कलकोटला किंवा सीमेपलीकडे इंडी-आळंदकडे; सासरी परत येते तेव्हा बाळ तीन महिन्यांचं झालेलं असतं. मोहोळच्या वहीत ती 'माहेरी गेली' म्हणून संपते, अक्कलकोटच्या वहीत ती 'बाहेरगावची' म्हणून पाठपुराव्यातून गळते. दोन्ही ठिकाणचे अहवाल बरोबर असतात आणि बाई कुठेच नसते.

यावर उपाय साधा आहे, फक्त नोंदणीच्याच दिवशी करावा लागतो. दोन फोन नंबर घ्या. सासरचा नंबर बहुधा नवऱ्याचा असतो आणि दिवसा तो कामावर असतो. दुसरा नंबर माहेरचा, शक्यतो आईचा किंवा भावजयीचा. 'बाळंतपण कुठे करायचं ठरलंय?' हे सातव्या महिन्याच्या आत विचारून गावाचं नाव लिहा आणि जमलं तर तिथल्या आशाताईंचा नंबर मिळवा. माता-बाल संरक्षण कार्ड बाई जाईल तिथे नेते. त्याच्या कोपऱ्यात आपल्या वहीचा क्रमांक आणि दवाखान्याचा नंबर ठळक लिहिला, तर दुसरीकडची सिस्टर फोन करू शकते. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली बाई असेल तर मुकादमाचा नंबर आणि मूळ गावचा पत्ता, दोन्ही हवेत. गाळप संपलं की फड रिकामा होतो, त्यानंतर तिला शोधणं अशक्य.

ओळीत रकाने किती? सुरुवातीला वीसच्या पुढे जाऊ नका. वय, कितवी खेप, आधीचं सिझर, नोंदणीच्या वेळचं आणि शेवटच्या महिन्यातलं हिमोग्लोबिन, रक्तदाब, काम काय करते, बोलीभाषा कोणती, बाळंतपण कुठे आणि कसं झालं, बाळाचं वजन, आणि पुढे सांगणार आहे ते चार-पाच. कामाचा रकाना सोलापुरात वगळू नका. पूर्व भागात किंवा कुंभारीच्या विडी घरकुलात राहणारी बाई दिवसभर मांडी घालून, मान खाली घालून विड्या वळते, तंबाखूच्या धुळीत बसते. ही नोंद बाळाच्या वजनाशेजारी आणि आईच्या कंबरदुखीशेजारी असायलाच हवी.

छेद आधी, अंश नंतर

'आमच्याकडे शंभर टक्के बाळांना तासाच्या आत अंगावर पाजलं.' कोणती शंभर? बहुतेकदा सिझरची बाळं आणि काचेच्या पेटीत ठेवलेली बाळं आधीच वजा झालेली असतात. तेव्हा प्रत्येक टक्केवारीसमोर तिचा छेद शब्दांत लिहा: 'जिवंत जन्मलेली सगळी बाळं' की 'नॉर्मल झालेल्या बाईंची बाळं'. वहीच्या पहिल्या पानावर ही यादी असू द्या. बदली झाली तरी नव्या सिस्टरला तोच अर्थ लागला पाहिजे.

रेफर हा दुसरा सापळा. पीएचसीने प्रत्येक अवघड केस वेळेवर सिव्हिलला पाठवली तर पीएचसीचे आकडे चकचकीत होतात आणि सिव्हिलचे भीषण दिसतात, आणि दोघांनीही आपलं काम नीट केलेलं असतं. म्हणून ही वही घेऊन दोन दवाखान्यांची तुलना करायला बसू नका. तुलना स्वतःची स्वतःशी, याच वर्षाची मागच्या वर्षाशी. आणि रेफर केलं की ओळ बंद होत नाही. दुसऱ्या दिवशी फोन, आठवड्याने फोन: पोचली का, किती वेळ लागला, रक्त चढवावं लागलं का, बाळ कसं आहे. १०८ ची गाडी बोलावल्यापासून दाखल होईपर्यंतचा वेळ घड्याळात पाहून लिहिला तर रेफरबद्दलच्या निम्म्या वादांचा निकाल तिथेच लागतो.

न सापडलेल्या बायांचं काय? त्यांना वगळून टक्केवारी काढली तर आकडा सुंदर येतो, कारण ज्यांचं बिघडलं त्याच बहुधा सापडत नाहीत. न सापडलेल्यांची संख्या हाच महिन्याचा पहिला आकडा समजून सगळ्यांच्या वर लिहा. माझ्या मते पाचातल्या चार ओळी बंद झाल्याशिवाय ४२ व्या दिवसाची कोणतीही टक्केवारी भिंतीवर लावू नये.

शरीराचे मोजके आकडे

रक्तस्राव. बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटर किंवा जास्त रक्त गेलं की तो अतिरक्तस्राव, ही जुनी आणि अजूनही चालणारी सीमा. अडचण अशी की डोळ्यांनी केलेला अंदाज हमखास कमी येतो. रक्त कापडात जिरतं, बादलीत पाण्यात मिसळतं, चादरीखाली जातं. रजिस्टरात मग प्रत्येकीसमोर '२०० मिली' दिसतं. बाईच्या खाली लावायची, मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी मिळते. ती नसेल तर वजनकाटा वापरा: कोरं कापड आधी तोला, भिजलेलं तोला, फरक ग्रॅममध्ये जितका तितके साधारण मिलिलिटर. हे फक्त नोंदीचं काम नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिकेतल्या चार देशांत दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत मापाची पिशवी वापरली आणि पिशवीनं इशारा देताच सगळे उपचार एकदमच सुरू केले. तिथे अतिरक्तस्राव ओळखण्याचं प्रमाण ५१ वरून ९३ टक्क्यांवर गेलं. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यातून मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. मोजणं हाच उपचाराचा पहिला भाग ठरला.

सिझर. नुसती सिझरची टक्केवारी फारसं सांगत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती: सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खासगीत ४७.४. पण आपल्या दवाखान्यात ३० टक्के सिझर हे जास्त की रास्त, हे तिथे येणाऱ्या बाया कशा आहेत यावर ठरतं. त्यासाठी रॉबसनची दहा गटांची विभागणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये तीच वापरायला सांगितली. तिला लागणाऱ्या सहा गोष्टी केसपेपरवर असतातच: पहिली खेप की नाही, आधी सिझर झालंय का, कळा आपोआप आल्या की आणल्या, आठवडे किती, बाळ डोक्याकडून की पायाळू-आडवं, एक की जुळं. छोट्या जागी दहाही गट सांभाळत बसू नका, तीन पाहा: एक, पहिलटकरीण, पूर्ण दिवस, डोकं खाली, कळा आपोआप; दोन, तशीच पहिलटकरीण पण कळा आणलेली किंवा कळांच्या आधीच सिझर केलेली; आणि तीन, आधी सिझर झालेली. पहिल्या गटातलं सिझर वाढत असेल तर काही वर्षांनी तिसरा गट फुगणार, हे आजच कळतं.

मृत जन्म. इथे एक रकाना सोन्याचा आहे: दाखल होताना बाळाचे ठोके ऐकू आले होते का? ठोके होते आणि बाळ गेलं, तर आपल्या लेबर रूमकडे पाहायला हवं. आधीच नव्हते, तर गरोदरपणातली तपासणी, रक्तदाब, घर ते दवाखाना हे अंतर, तिकडे पाहायला हवं. हा रकाना कोरा राहिला की दोन्ही प्रकार एका आकड्यात मिसळतात आणि चर्चा भलतीकडे जाते.

बाकीचे झटपट. बाळाचं वजन (२५०० ग्रॅमच्या खाली ते कमी वजन), ३७ आठवड्यांआधीचा जन्म, पाचव्या मिनिटाचा अपगार (बाळाचा श्वास, ठोके, रंग पाहून दिलेले दहापैकी गुण), बाळाला दाखल करावं लागलं का, टाके आणि बाळ बाहेर येताना खालची जागा फाटल्याची श्रेणी, रक्त चढवलं का, ४२ दिवसांत पुन्हा दाखल. हिमोग्लोबिन गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय आणि ७ च्या खाली म्हणजे गंभीर. ते बाळंतपणानंतर पुन्हा तपासण्याचा रिवाज कमी आहे, तो सुरू करा. रक्त गेलं किती याचा तो दुसरा साक्षीदार.

एखादी गोष्ट कमी करायची ठरवलीत तर तिच्या जोडीला दुसरी मोजा. बाळंतपणात खालची जागा कापणं (एपिसिओटॉमी) कमी केलं की फाटण्याची तिसरी-चौथी, म्हणजे सगळ्यात खोल, श्रेणी वाढते का ते पाहा. सिझर कमी केलं की बाळांचं दाखल होणं वाढतंय का ते पाहा. जोडीशिवाय एकट्या आकड्याचा पाठलाग करणं धोक्याचं.

रजिस्टर खरं बोलतंय का

हे काम मला सगळ्यात जास्त आवडतं, आणि ते एका दुपारात होतं. मागच्या वर्षाचं प्रसूती रजिस्टर घ्या आणि जन्मवजनाचा रकाना वरून खाली वाचत जा. बरोबर २५०० ग्रॅम किती आहेत, २५०० च्या किंचित खाली किती? निसर्ग २५०० वर अडून बसत नाही. तिथे ढीग दिसला तर समजा, 'कमी वजन' लिहायचं टाळलं जातंय किंवा काटा जवळच्या पूर्ण आकड्यावर वाचला जातोय. रक्तदाब सगळ्यांचा १२०/८० आहे का? अपगार प्रत्येकाचा ८ आणि ९? लिहिणाऱ्या सिस्टर खोट्या नसतात. तीन बाया टेबलावर असताना रात्री तीन वाजता एकटीने सगळे रकाने भरायचे म्हटले की असंच होतं. म्हणून दटावू नका. रकाने कमी करा, काटा टेबलाच्या हाताशी आणा, रोज सकाळी शून्य तपासा आणि ओळखीच्या वजनाने आठवड्यातून एकदा पडताळा.

आता बाईला विचारायचं

'सेवेबद्दल समाधानी आहात का?' हा प्रश्न वापरू नका. सोलापूरची बाई दवाखान्यात बसून या प्रश्नाला 'व्हय, बरं केलं समद्यांनी' असंच म्हणणार. बाळ हातात आहे, डिस्चार्जचा कागद अजून मिळायचाय, आणि विचारणारी तीच सिस्टर जिने टाके घातले. असं उत्तर शंभर टक्के येतं आणि त्याची किंमत शून्य असते.

मत विचारू नका, घडलं काय ते विचारा. 'आतून तपासायच्या आधी तुम्हाला विचारलं होतं का?' 'कळा सोसताना तुमचं माणूस जवळ होतं का? तुम्हाला हवं होतं का?' 'कुणी ओरडलं का, हात उगारला का?' 'पडदा होता का?' 'पाणी प्यायला, चालायला, कुशीवर वळायला दिलं का?' 'सिझर का करावं लागलं हे कुणी समजावलं? काय सांगितलं?' 'कुणी पैसे मागितले का, बाळ दाखवताना, वॉर्डात, गाडीत?' 'बाळ जन्मल्यावर किती वेळाने हातात दिलं?' हो, नाही किंवा काय घडलं, एवढंच लिहायचं. कळा सोसताना जवळचं माणूस असू देणं केंद्र सरकारच्या, लेबर रूम सुधारण्याच्या लक्ष्य कार्यक्रमातही (२०१७) अपेक्षित आहे, त्यामुळे या उत्तरांचा उपयोग तपासणीच्या वेळीही होतो.

कुणी विचारायचं? लेबर रूमशी संबंध नसलेल्या बाईने. दुसऱ्या उपकेंद्राच्या सिस्टर, नर्सिंगच्या विद्यार्थिनी, प्रशिक्षण दिलेली आशाताई चालेल, पण त्याच वस्तीतली नको. गल्लीत गोष्ट फिरेल ही भीती खरी असते. केव्हा? दोनदा: घरी जाताना अगदी थोडं, आणि ४२ व्या दिवसानंतर नीट. सुटकेचा आनंद ओसरल्यावर उत्तरं बदलतात, आणि दुसऱ्यांदा मिळतात तीच जास्त कामाची.

कुठे विचारायचं हा सगळ्यात अवघड भाग. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना 'जेवण पोटभर मिळतं का?' विचारण्यात अर्थ नाही. त्यांना उठा म्हणणंही बरं दिसत नाही. युक्ती अशी की दोघी जा: एकीने सासूबाईंना बाळाची आंघोळ, नाळेची जागा, मालीश यांबद्दल विचारत बसायचं. त्यांना खरोखरच सांगण्यासारखं बरंच असतं, तेही लिहून घ्या. दुसरीने बाळंतिणीशी आतल्या खोलीत बोलायचं. लसीच्या दिवशी वजन करायच्या निमित्ताने तिला एकटीला आत घेणंही जमतं.

भाषा. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरला कन्नड, बऱ्याच मोहल्ल्यांत दखनी. बाई बाजारापुरतं मराठी बोलते म्हणून तिला मनाचं मराठीत सांगता येईल असं धरू नका. त्या भाषेची सिस्टर शोधा. नवऱ्याला दुभाषा करू नका.

शरीराबद्दलचे प्रश्न थेट विचारावे लागतात, कारण बाया आपणहून सांगत नाहीत: खोकताना-हसताना लघवी सुटते का, शौचाचं नियंत्रण जातं का, टाके अजून दुखतात का, बसता येतं का, छातीत गाठ-ताप आला का, अंगावरून किती दिवस गेलं. बाळंतपणानंतर हे असंच असतं असं समजून बायका वर्षानुवर्षं ओल्या कपड्यांत काढतात. पुढे दोन साधे प्रश्न: काल रात्री सलग किती वेळ झोप लागली, आणि काल दिवसभरात काय काय खाल्लं. खाण्याच्या उत्तरात हळिवाची खीर, डिंकाचा लाडू, शेपूची भाजी येईल, ते चांगलंच. पण कुठे कुठे 'बाळाला बाधेल' म्हणून डाळ, फळं, पाणीसुद्धा तोडलेलं निघतं. मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकलेला असताना पाणी तोडलेली बाळंतीण दूध कमी म्हणून येते. वरचं दूध सुरू करण्याआधी हा रकाना वाचा. आणि कामाला कधी लागली? घरी बसून करायच्या विड्यांना सव्वा महिन्याची वाट पाहायची सक्ती नसते.

सातत्याचाही एक रकाना ठेवा: गरोदरपणापासून बाळंतपणापर्यंत ओळखीचा चेहरा होता का? केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १८ महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली मिडवाइफ कल्पिली आहे. आपल्याकडे अशी मिडवाइफ असो-नसो, तपासणीला भेटलेली सिस्टर बाळंतपणाच्या वेळीही भेटली का, हे बाईला नेमकं आठवतं.

मनाचं मोजमाप, आणि त्याआधीची अट

अट अशी: मदत कुठे पाठवायची हे ठरल्याशिवाय हा भाग सुरूच करू नका. सिव्हिलच्या मानसोपचार विभागाची ओपीडी कोणत्या दिवशी, तिथे कुणाशी बोलायचं, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा मोफत नंबर १४४१६, घरात मारहाण असेल तर महिला हेल्पलाइन १८१. हे सगळं वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवा. विचारून मोकळं होणं हे न विचारण्याहून वाईट.

सुरुवातीला डब्ल्यूएचओ-५ ही मनाच्या स्वास्थ्याची छोटी प्रश्नावली बरी पडते. पाच विधानं, गेल्या दोन आठवड्यांबद्दल: मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अशी सगळी चांगल्या बाजूची. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरीज गुणिले ४, म्हणजे शंभरपैकी. ५० च्या खाली आलं की पुढे नीट बोलायचं. 'उदास आहेस का' असं थेट न आल्यामुळे बाई बिचकत नाही.

त्यापुढची एडिनबरा प्रश्नावली, १९८७ सालची, खास बाळंतिणींसाठी बनवलेली. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकी ० ते ३, एकूण ३०. साधारणपणे १३ किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे पाठवायचं. १० ते १२ आले तर दोन आठवड्यांत पुन्हा भरायचं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज करत बसायचं नाही: त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोवर बाईला एकटं सोडायचं नाही. ही चाळणी आहे, निदान नाही; '१४ आले म्हणजे डिप्रेशन' असं कुठेही लिहू नका. भाषांतर तपासलेलं, छापील वापरा. प्रत्येक सिस्टरने आपापल्या मराठीत प्रश्न फिरवला की गुणांना अर्थ उरत नाही. वाचता येत नसेल तर शब्द न बदलता वाचून दाखवायचं.

पहिल्या आठवड्यातलं रडू बहुतेकींचं आपोआप ओसरतं, म्हणून ही प्रश्नावली सहाव्या आठवड्याला घ्या. अपवाद: जिचं बाळ गेलं, जिचं बाळ अजून पेटीत आहे, किंवा मुलगी झाली म्हणून जिच्याशी घरात कुणी बोलत नाही, तिला आधीच गाठायचं. शेवटच्या कारणाला वेगळा रकाना करू नका, तो कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. खूण ठरवून घ्या. गुणांची पानंही वहीपासून वेगळी, कुलपात.

आलेख कागदावर

छोट्या जागेचा मोठा त्रास म्हणजे आकडे लहान असतात. महिन्याला बारा बाळंतपणं होत असतील तर एका घटनेने टक्केवारी आठ अंकांनी उडी मारते. म्हणून टक्केवारीचं कौतुक आणि धसका, दोन्ही जरा बाजूला ठेवा.

आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर आकडा, दर महिन्याला एक ठिपका. बारा ठिपके झाले की ते लहान-मोठे असे लावून मधला आकडा काढा आणि त्यावर आडवी रेघ ओढा. नंतर दोनच खुणा शोधा: लागोपाठ सहा ठिपके रेघेच्या एकाच बाजूला, किंवा लागोपाठ पाच ठिपके सतत चढणारे वा उतरणारे. यातलं काही दिसलं तर खरोखर काही बदललंय. एका महिन्यात वर, दुसऱ्यात खाली, हे नेहमीचं हेलकावणं. त्यावर बैठक बोलावू नका. फार विरळ घटनांसाठी, समजा मृत जन्मासाठी, ठिपक्यांऐवजी 'मागच्या घटनेनंतर किती बाळंतपणं झाली' हे मोजा.

शून्यालाही फसू नका. १५० बाळंतपणांत एकही मृत जन्म नाही म्हणून धोका शून्य होत नाही. तीनला बाळंतपणांच्या संख्येने भागा: ३ भागिले १५० म्हणजे २ टक्के. खरा धोका तिथपर्यंत असू शकतो आणि तरीही आपल्याला शून्य दिसू शकतो. मातामृत्यूची तर गोष्टच वेगळी. २०१८-२० मध्ये महाराष्ट्राचं प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, तेव्हा एका पीएचसीने 'आमचा मातामृत्यू दर' काढण्यात काही हशील नाही. तिथे प्रत्येक मृत्यूची पूर्ण हकिकत हवी, आणि त्याहून जास्त, मरता मरता वाचलेल्या बाईची. ती स्वतः सांगू शकते.

ठिपक्यांच्या खाली पेन्सिलीने कारणं टिपत जा: आषाढीच्या आठवड्यात पंढरपूरचे रस्ते भरलेले होते, डॉक्टर रजेवर, वीज गेली, नवीन सिस्टर आल्या, गाळप सुरू झालं. मे महिन्याची तुलना मागच्या मे शी, डिसेंबरशी नको.

बैठक आणि फलक

महिन्यातून एकदा, अर्धा तास, ९ तारखेची गरोदर मातांची तपासणी आटोपल्यावर दुपारी जमवलं तर सगळ्या जागेवर असतात. सफाईच्या मावशींनाही बसवा. पडदा का नव्हता हे त्यांनाच ठाऊक असतं. एका बैठकीत एकच आकडा, त्यावर एकच बदल, आणि तो कोण करणार त्याचं नाव. समजा जवळचं माणूस आत येऊ देण्याचं ठरलं, तर आधी अडचण काय ती काढा: बहुधा जागा नसते, पडदा नसतो, किंवा दारावरच्या माणसाला सांगितलेलंच नसतं. तीन महिने तोच ठिपका पाहायचा.

या वहीवरून कुणाला मेमो द्यायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत वरिष्ठांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवावं. ज्या महिन्यात आकड्यावरून पहिली कानउघाडणी होईल, त्याच्या पुढच्या महिन्यापासून सगळी वजनं पुन्हा २५०० होतील.

फलक बायांसाठीही लावा, ओपीडीच्या बाकासमोर, मोठ्या अक्षरांत, तेलुगू-कन्नडमध्येही: 'मागच्या महिन्यात इतक्या जणींनी सांगितलं की विचारल्याशिवाय तपासलं. आता आधी विचारतो. नाही विचारलं तर सांगा.' मात्र पाचाहून कमी बायांचा आकडा फलकावर लिहू नका. 'एकीला अतिरक्तस्राव' असं लिहिलं की ती कोण हे गावाला लगेच कळतं, आणि रक्ताचा, मनाचा, मारहाणीचा, मृत बाळाचा आकडा तर कितीही असला तरी वहीतच राहू द्या.